मुलांच्या मनासाठी वर्गणी काढताय? मग आधी फोन कोण उचलणार ते ठरवा

आमच्या भागातल्या एका घरातला कॉलेजचा मुलगा गेल्या वर्षी गेला. कसा, कुठे, चिठ्ठी होती का, हे मी लिहिणार नाही आणि तुम्हीही कुठे लिहू नका, का ते पुढे येईलच. तर मंडळाची पोरं पार हादरली होती, आणि मंडळाच्या पोरांना काहीतरी करावंसं वाटलं की पहिल्यांदा दोनच गोष्टी सुचतात, फ्लेक्स आणि वर्गणी. पुढच्याच मीटिंगला ठरलंसुद्धा, रविवारी सकाळी पाच किलोमीटरची दौड काढायची, प्रत्येकी फी घ्यायची, दुकानदारांकडून वर्गणी काढायची आणि 'तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी' निधी उभा करायचा. मी खजिनदार, त्यामुळे वही माझ्याकडे. टीशर्ट, मेडल, साउंड, पाहुण्यांची शाल-श्रीफळ, पोहे-चहा, ॲम्ब्युलन्स असं सगळं लिहून झालं, आणि कोपऱ्यात बसलेले आमचे एक जुने काका म्हणाले, बरं, हे सगळं वजा जाऊन जे उरेल त्याचं काय करणार?

कोणी काही बोललंच नाही. मग एकजण म्हणाला समुपदेशन शिबिर घेऊ, दुसरा म्हणाला मंडळाची हेल्पलाइन काढू, माझा नंबर द्या फ्लेक्सवर, मी रात्री जागाच असतो. त्याचं मन सोन्यासारखं आहे हो, पण त्या वाक्यानं मी घाबरलो. घरी येऊन वाचायला बसलो, ओळखीच्या एका समुपदेशक ताईंना पिडलं, आणि दोन-तीन महिन्यांत जे डोक्यात शिरलं ते इथे मांडतोय. मी डॉक्टर नाही, हिशोब ठेवणारा माणूस आहे, त्यामुळे बोलणार ते जास्त करून पैशाच्या अंगानं.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी पोलिसांकडच्या नोंदी एकत्र करून आकडे काढतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोक आत्महत्येनं गेले. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांच्या यादीत आपण सगळ्यात वर. विद्यार्थी १३,०४४. आणि १८ ते ३० या वयातले साधारण एक तृतीयांश. आता आपल्याकडे पोरगं गेलं की पहिला अंदाज काय, पेपर अवघड गेला असेल नाहीतर मुलगी असेल. पण याच अहवालात सगळ्या वयांची मिळून कारणं बघितली तर कौटुंबिक अडचणी ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि परीक्षेत नापास हे कारण जेमतेम एक-सव्वा टक्का. मुलांच्यात हे प्रमाण जास्त असणार हे उघड आहे, आणि पोलिसांच्या फॉर्ममध्ये कारणाचा रकाना एकच असतो हेही लक्षात घ्या, कुठल्याही माणसाचं आयुष्य एका रकान्यात बसत नाही. घरातला ताण, आधीपासूनचं डिप्रेशन, दारू, कर्ज, कोणीतरी केलेला अपमान, कॉलेजात होणारा छळ, हे सगळं साचत साचत जातं आणि एखादी बारीकशी गोष्ट शेवटची ठरते. त्यामुळे 'परीक्षेचं टेन्शन घेऊ नका' असं लिहिलेला बॅनर दहावी-बारावीच्या वेळेला लावून काम झालं असं समजणारे आपण सगळे (आमचं मंडळही, दोन वर्षं लावला होता) फार थोड्या मुलांशी बोलत असतो.

दुसरी बाजू म्हणजे उपचार देणारे लोक. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळतच नाहीत, आणि देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता. म्हणजे उद्या जिल्ह्यातल्या सगळ्यांनी ठरवलं की चला मदत घेऊ, तर रांग सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटबाहेर जाईल. इथे वर्गणीला काम आहे. पण कुठलं काम?

हेल्पलाइनपासून सुरू करतो कारण सगळ्यांना तीच आधी सुचते. चोवीस तास चालणारी एक लाइन धरा, एकच फोन, एकच खुर्ची. आठवड्याचे तास होतात १६८. आठ-आठ तासांच्या शिफ्ट केल्या तर २१ शिफ्ट. एक माणूस आठवड्याला पाच शिफ्ट करणार, कधी आजारी पडणार, कधी गावाला जाणार, म्हणजे एका खुर्चीसाठी कमीत कमी पाच माणसं लागतात. आणि तो एक फोन बिझी असेल तेव्हा दुसरा कॉल लागणारच नाही. पगारी माणसं परवडत नाहीत म्हणून स्वयंसेवक घेतले आणि त्यांना चार तासांची शिफ्ट दिली, तर आठवड्याला ४२ शिफ्ट भरायच्या, त्याही दिवाळीत, लग्नसराईत आणि पहाटे तीन वाजता. वर त्यांचं ट्रेनिंग आलं. आणि अवघड कॉलनंतर त्या ऐकणाऱ्याच्याच मनाचं काय, त्याच्याशी बोलायला कोणीतरी अनुभवी माणूस लागतो, त्याचा खर्च तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. आमच्या त्या रात्री जागणाऱ्या मित्राला ताईंनी एकच विचारलं, तू आंघोळीला गेला असताना कोणाचा फोन आला आणि तो तसाच कट झाला तर? तो गप्प बसला. अर्धवट चाललेली हेल्पलाइन ही नसलेल्या हेल्पलाइनपेक्षा वाईट, कारण त्या माणसानं सगळी हिंमत गोळा करून तो एक नंबर दाबलेला असतो.

आणि मुळात काढायची गरजच काय. सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याशिवाय टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइन आहे २०१२ पासून, पुण्यात कनेक्टिंग ही संस्था आहे, चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली स्नेहा आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये काढलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. या लोकांनी वर्षानुवर्षं खपून बसवलेली घडी आपण टीशर्टच्या उरलेल्या पैशात नव्यानं बसवायला निघालो होतो.

हे 'ऐकून घेण्याचं' काम सुरू कसं झालं तेही सांगतो, मला फार आवडलेली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये चॅड वारा नावाचे एक पाद्री होते. १९३५ मध्ये तरुणपणी त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. तिला पाळी आली होती आणि पाळी म्हणजे काय हेच तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय असं समजून ती गेली. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. मग १९५३ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी जाहीर केलं की मरावंसं वाटतंय त्यांनी मला फोन करा नाहीतर या. लोक यायला लागले, एवढे की बाहेर बसून राहावं लागायचं, आणि बसलेल्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधी माणसं मदतीला होती. काही दिवसांनी लक्षात आलं की बऱ्याच जणांना आत साहेबांकडे जायची गरजच राहत नाही, चहा देणाऱ्याशी बोलूनच ते हलके होऊन घरी जातात. काही महिन्यांतच वारांनी ते काम या स्वयंसेवकांच्या हातात दिलं, आणि समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. पण यातून कोणीही उठून हे काम करावं असा अर्थ काढू नका, नीट निवडून शिकवलेला साधा माणूस पुष्कळ काही करू शकतो एवढाच काढा. आमच्या त्या ताई म्हणतात आपल्याकडे ऐकणारे कमी आणि सल्ला देणारे वारेमाप, आणि तेही खरंच आहे.

आता शाळा-कॉलेज. इथे तर मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आपली पद्धत ठरलेली, वर्षातून एकदा हॉलमध्ये पाचशे पोरं कोंबायची, एक नामवंत वक्ता बोलवायचा, तो तासभर बोलणार, पोरं मागच्या रांगेत रील बघणार, शेवटी आभारप्रदर्शन. याचा उपयोग होतो का? युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात तीन वेगवेगळे उपाय करून पाहिले. एकात शिक्षकांना ट्रेनिंग दिलं की धोक्याची लक्षणं ओळखा. दुसऱ्यात मुलांकडून फॉर्म भरून घेऊन ज्यांची काळजी वाटली त्यांना तज्ज्ञांकडे बोलावलं. तिसऱ्यात बाहेरून शिकून आलेली माणसं वर्गात बसून मुलांकडून छोटे प्रसंग करवून घ्यायची, म्हणजे मित्र असं बोलला तर तू काय करशील, घरी असं झालं तर कोणाला सांगशील वगैरे, आणि मुलंच बोलायची. वर्षभरानं बघितलं तर आत्महत्येचे प्रयत्न आणि गंभीर विचार ठळकपणे कमी झाले होते ते या तिसऱ्या गटात.

कोणी म्हणेल हे युरोपातलं, आपल्याकडे काय. तर आपल्याकडचंही आहे. गोव्यातली संगाथ ही संस्था, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, त्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत हे काम शिक्षकांनाच जास्तीची ड्युटी म्हणून दिलं. काही शाळांत त्याच कामासाठी वेगळा माणूस नेमला, तो काही मोठा डिग्रीवाला सायकॉलॉजिस्ट नव्हता, ट्रेनिंग दिलेला साधा समुपदेशक. काम काय, तर शाळेचं वातावरण सुधारायचं, मुलांना तक्रार-सूचना टाकायला पेटी ठेवायची, भित्तिपत्रक काढायचं, ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलायचं. निकाल २०१८ मध्ये आले. वेगळा माणूस होता तिथे मुलांचं डिप्रेशन, दादागिरी, मारामाऱ्या सगळं कमी झालं, शाळा आपलीशी वाटायला लागली. शिक्षकांवर टाकलं तिथे काहीच फरक नाही! कारण शिक्षकाला आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं, आणि शिवाय ज्याच्याकडून मार खाल्लाय किंवा जो आपले मार्क ठरवतो त्याच्याजवळ पोरगं मन कसं मोकळं करेल?

म्हणजे फोन घ्या नाहीतर शाळा घ्या, पैसा जातो तो माणसाच्या वेळेसाठी, आणि तो दर महिन्याला जातो. पगार हा फोटोत येत नाही. 'आमच्या वर्गणीतून मार्च महिन्याचा पगार झाला' असा फ्लेक्स कोणी लावेल का? म्हणून सगळे देणगीदार पोस्टर, शिबिर, बाक, वॉटर कूलर यांना पैसे देतात आणि संस्था मात्र समुपदेशकाला पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून रडत असते. आमच्या वहीत हे जेव्हा मी मांडलं तेव्हा दौडीचं आकर्षण जरा उतरलं.

पण दौड वाईट असं नाही, आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे पिएटा नावाची संस्था आहे, २००६ मध्ये सुरू झाली, आत्महत्येच्या विचारांत असलेल्यांना आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्यांना फुकट समुपदेशन देते. २००९ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात चारेकशे लोक पहाटेच्या अंधारात जमले आणि पाच किलोमीटर चालले, असे की निघताना काळोख आणि पोचताना उजाडलेलं. 'अंधारातून उजेडाकडे' असंच नाव त्याला. हे दरवर्षी मे महिन्यात व्हायला लागलं, गावोगाव पसरलं, देशाबाहेर गेलं, आणि दीड-दोन लाख लोक चालायला लागले. आपल्या वारीसारखंच म्हणा ना, कोणी कोणाला का आलास विचारत नाही, शेजारून चालणाऱ्याच्या घरातही कोणीतरी गेलेलं असणार हे न बोलता कळतं. ज्या घरात असं घडतं त्या घराला लोक टाळायला लागतात, काय बोलावं कळत नाही म्हणून टाळतात पण टाळतात, अशा घरातल्या माणसाला हजारो लोकांबरोबर नुसतं चालता येणं हीच केवढी मोठी गोष्ट. हा फायदा वहीत जमेच्या बाजूला लिहिता येत नाही, पण आहे.

आता त्याची दुसरी बाजू. संस्थेचा बहुतेक पैसा देणग्यांतून, आणि त्यातला मोठा हिस्सा त्या एका पहाटेतून यायचा. २०२० मध्ये कोविड आला, चालणं रद्द, आणि जेव्हा लोकांना समुपदेशनाची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच संस्थेला पगारकपात करायची वेळ आली. लोकांनी नंतर भरभरून दिलं, सावरले ते, पण खजिनदार म्हणून मला त्यातून एक कळलं की एका दिवसाच्या कमाईवर बारा महिन्यांचा माणूस नेमू नये. शंभर घरांनी महिना पन्नास रुपये दिले तर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. दिसायला किरकोळ आहे, पण ते येणार हे माहीत असतं, आणि संस्थेला त्या भरवशावर एखाद्या माणसाला अर्धवेळ का होईना शब्द देता येतो.

इंग्लंडमधले तीन बापही सांगायला हवेत. तिघांच्याही तरुण मुली आत्महत्येनं गेलेल्या, एकमेकांची आधीची ओळख नाही, दुःखातूनच गाठ पडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते एकमेकांच्या घरांना जोडत तीनशे मैल म्हणजे पावणेपाचशेच्या वर किलोमीटर चालले, पॅपिरस या संस्थेसाठी, जी १९९७ पासून फक्त तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचं काम करते. लाखो पौंड जमले. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलून त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ही संस्था मुलगी गेल्यावर कळली, आधी कोणी सांगितलंच नाही. मग ते शाळेच्या अभ्यासक्रमात हा विषय यावा म्हणून मागे लागले, दीड लाखावर सह्या जमवल्या आणि २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. म्हणजे गोळा केलेल्या पैशापेक्षा गोळा केलेल्या सह्या कधी कधी लांब जातात.

आपल्याकडे तर हा भाग अजूनच सोपा झालाय, कारण मागायचं काय ते कोर्टानंच लिहून दिलंय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा सूचना दिल्या, त्यानुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, टेली-मानससारखे नंबर होस्टेलमध्ये, वर्गांत ठळक लावलेले हवेत, स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग हवं, आणि हे कोचिंग क्लासेसनाही लागू आहे. तेव्हा वर्गणी काढून एखाद्या तगडी फी घेणाऱ्या क्लासला फुकट समुपदेशक पुरवायचा उद्योग करू नका! आधी चार पालकांनी मिळून जाऊन विचारा, तुमच्याकडे आहे का, त्याचं नाव काय, तो बसतो कुठे. याला एक रुपया लागत नाही. वर्गणी अशा ठिकाणी लावा जिथे कोणी देणारच नाही. उदाहरणार्थ, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, गोळ्या फुकट मिळतात, पण खेड्यातल्या आईला पोराला घेऊन महिन्यातून एकदा यायचं तर दोघांचं एसटीचं तिकीट आणि तिचा बुडालेला रोज. म्हणून तिसऱ्या महिन्यात येणं बंद, गोळ्या बंद. तिथे काही शे रुपये फार मोठं काम करतात. ताईंच्या मते मदतीतला सगळ्यात दुर्लक्षित खर्च हाच आहे, आणि मला पटलं.

आता पैशाचे नियम, थोडक्यात पण वाचाच, कारण चांगल्या कामात अडकणारे लोक इथेच अडकतात. तुमची संस्था नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१क, गणपतीची वर्गणी काढणाऱ्यांना माहीत असेलच. आणि गणपतीसाठी म्हणून घेतलेले पैसे परस्पर इकडे वळवू नका, ज्यासाठी घेतले त्यालाच लावायचे, वेगळं पावतीपुस्तक करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे लोकांनी थेट एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरायचं, मंडळानं पैशाला हातच लावायचा नाही, पावती त्यांची, हिशोब त्यांचा. संस्थेकडे ८०जी म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारी मान्यता असेल तर जुन्या कर पद्धतीत रिटर्न भरणाऱ्याला सूट मिळते, पण दोन हजारांच्या वर रोख दिले तर नाही मिळत, म्हणजे यूपीआय किंवा चेक.

आणि एक मजा. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला मी पाठवतो की हजार डॉलर. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे त्याचे पैसे कायद्यानं परदेशी ठरतात, आणि ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि त्यासाठी दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. आमच्या मंडळाकडे कुठलं असायला. पण त्याचाच रूममेट, अजून भारतीय पासपोर्टवाला, त्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी धरत नाहीत. आतेभावाला हे समजावताना माझा एक रविवार गेला.

आता ते सुरुवातीचं, 'लिहू नका' वालं. एखाद्याच्या जाण्याबद्दल तपशील देऊन, फोटो मोठा करून, 'सगळ्या त्रासातून सुटला' अशा भाषेत लिहिलं की त्याच वयाच्या, त्याच मनःस्थितीत असलेल्या मुलाला तो एक रस्ता दिसतो. याचा अभ्यास झालेला आहे. व्हिएन्नात १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी अशा बातम्यांचा भडकपणा बंद केला, आणि ज्या प्रकारच्या घटनांबद्दल ते ठरवलं होतं त्या सहा महिन्यांत खूपच कमी झाल्या. उलट ज्यानं तो काळ काढला आणि बाहेर आला त्याची गोष्ट सांगितली तर त्याचा आधार होतो, असंही दिसलंय. म्हणून निधी गोळा करताना गेलेल्या मुलाचा फोटो फ्लेक्सवर नको, चौकाला नाव नको, स्टेजवर आईला बोलवून रडवणं तर अजिबात नको (हे मी बघितलंय, पाहुण्यांनी रुमाल काढले आणि पैसेही चांगले जमले, मला आतून कसंतरी झालं). उपचार चालू असलेल्या कोणाचा फोटो, कोणाची गोष्ट त्याला न विचारता तर मुळीच वापरू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटच्या गोपनीयतेबद्दल स्पष्ट लिहिलंय. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमानं हेही सांगितलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही. अजूनही घरचे लोक पोलिस केसच्या भीतीनं दवाखान्यात खोटं सांगतात आणि मग पुढचे उपचार होतच नाहीत, तेव्हा हे कलम फ्लेक्सवर टाका वाटलं तर.

आणि विचारायला घाबरू नका. 'तुला मरून जावंसं वाटतंय का रे?' असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही, उलट समोरचा सुटल्यासारखा बोलायला लागतो. हो म्हणाला तर भाषण द्यायचं नाही, आईबापाचा विचार कर वगैरे नाही, त्याच्याजवळ बसायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, घातक वस्तू लांब करायच्या, १४४१६ लावायचा, आणि लगेचचा धोका वाटला तर ११२ किंवा सरळ हॉस्पिटल. लांब करायच्या हे मी असंच नाही लिहिलं, तामिळनाडूत स्नेहाच्या लोकांनी काही खेड्यांत शेतीची औषधं घरात ठेवण्याऐवजी गावात एका जागी बँकेच्या लॉकरसारख्या कुलूपबंद खणांत ठेवायची सोय करून बघितली, कारण त्या टोकाच्या क्षणी हाताशी काही नसलं तर तो क्षण टळतो आणि टळलेला क्षण बऱ्याचदा कायमचा टळतो. आपल्या ग्रामपंचायतींना, विकास सोसायट्यांना जमण्यासारखं काम आहे हे, आणि त्यात वर्गणी लावली तर ती दिसेलसुद्धा.

आमचं काय ठरलं ते सांगून थांबतो. दौड झाली, पण टीशर्ट आणि मेडल काढून टाकले, त्यावरून दोन मीटिंग भांडणं झाली आणि एक स्पॉन्सर गेला. पैसे थेट एका जुन्या संस्थेच्या खात्यात गेले. त्यातून मंडळाच्या वीस पोरापोरींचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, समोरच्याचं ऐकायचं कसं आणि पुढे कोणाकडे न्यायचं याचं, आणि बाकीचे त्यांच्या समुपदेशकाच्या पगारात गेले. सत्तेचाळीस घरं महिन्याला पन्नास रुपये देतात, तीन घरं दर महिन्याला विसरतात आणि मी आठवण करायला जातो. त्या मुलाच्या घरीही जातो, पैशासाठी नाही, असाच. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, सगळे त्याचं नाव काढायचंच टाळतात. आता गेलो की आम्ही त्याच्याबद्दल बोलतो, तो ढोल किती वाईट वाजवायचा त्याबद्दल.